विश्लेषण: दुकान बंद, कॉलेज सुरू! अमेरिकेत शहराच्या मध्यातल्या ऐतिहासिक इमारतींचं पुढे काय होतं?

फिलाडेल्फिया शहराच्या मध्यभागी वॅनामेकर नावाची एक प्रचंड इमारत आहे. शंभर वर्षांहून जास्त काळ तिथे डिपार्टमेंट स्टोअर, म्हणजे सुईपासून सोफ्यापर्यंत सगळं मिळणारं बहुमजली दुकान होतं. मार्च २०२५ मध्ये तिथलं मेसीज हे दुकान बंद झालं. मेसीजने फेब्रुवारी २०२४ मध्येच जाहीर केलं होतं, की २०२६ पर्यंत सुमारे १५० दुकानं बंद करणार. शेजारच्या कॅनडात तर १६७० साली स्थापन झालेल्या हडसन्स बे या कंपनीची सगळी दुकानं जून २०२५ पर्यंत बंद झाली.

दुकान बंद झालं की माल विकला जातो, कर्मचारी जातात, पाटी उतरते. इमारत मात्र तिथेच उभी राहते. तीही साधीसुधी नाही. पाडायला गेलं तर वारसाप्रेमी रस्त्यावर येतात आणि तशीच ठेवली तर छत गळायला लागतं.

अशा इमारतींसाठी अमेरिकेत पुन्हा पुन्हा सुचवला जाणारा एक उपाय आहे: तिथे कम्युनिटी कॉलेज आणा. ऐकायला छान वाटतं. इमारत वाचते, विद्यार्थ्यांना जागा मिळते, ओस पडलेल्या रस्त्यावर पुन्हा माणसं दिसतात. पण हे खरंच असं घडतं का? डॅलस, हार्टफर्ड आणि रॉचेस्टर या तीन शहरांनी हा प्रयोग करून पाहिलाय. त्यांचा अनुभव काय सांगतो, ते समजून घेऊ.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे याला तंतोतंत जुळणारी संस्था नाही. आयटीआय, पदविका अभ्यासक्रम आणि पदवीची पहिली दोन वर्षं एकाच छताखाली आणली तर जे होईल, साधारण तसं. (भारतातही यूजीसीने २०१२-१३ च्या सुमारास कम्युनिटी कॉलेज योजना आणली होती, पण तिचा आवाका बराच लहान आहे.)

अमेरिकेत अशी सुमारे एक हजार कॉलेजं आहेत. फी विद्यापीठांपेक्षा बरीच कमी असते आणि प्रवेश जवळपास सगळ्यांना मिळतो. दोन वर्षांची पदवी घेऊन थेट नोकरी करता येते किंवा पुढची दोन वर्षं विद्यापीठात जाऊन पूर्ण पदवी मिळवता येते.

इथला विद्यार्थी कोण, हे लक्षात ठेवायला हवं. तो हॉस्टेलवर राहणारा अठरा वर्षांचा मुलगाच असेल असं नाही. दिवसा दुकानात काम करून संध्याकाळी नर्सिंगचे वर्ग करणारी आई, नुकताच देशात आलेला आणि इंग्रजी शिकणारा माणूस, कारखाना बंद पडल्यावर चाळिशीत नवं कौशल्य शिकणारा कामगार, असे सगळे इथे असतात. अनेकांकडे गाडी नसते. त्यामुळे कॉलेजपर्यंत थेट बस जाते की दोनदा बदलावी लागते, यावर कधी कधी शिक्षण टिकणार की सुटणार हे ठरतं.

दुकानाच्या इमारतीत कॉलेज बसतं कसं?

जुन्या डिपार्टमेंट स्टोअरची रचना कॉलेजला बऱ्यापैकी सोयीची असते. मजले मोठे आणि मोकळे असतात. ओळीने खांब आणि मध्ये भिंती जवळपास नाहीतच, त्यामुळे हव्या त्या आकाराच्या वर्गखोल्या पाडता येतात. छत उंच असतं. माल आणि गर्दी पेलण्यासाठी बांधलेल्या मजल्यांवर ग्रंथालय किंवा प्रयोगशाळाही मावू शकते.

अडचणीही तिथेच सुरू होतात. दुकानदाराला बाहेरचा उजेड नको असतो, त्याला भिंतीवर माल लावायचा असतो. त्यामुळे अशा इमारतींचा मधला भाग अंधारा असतो. उजेड आणायचा तर कधी कधी मजले कापून मधोमध चौक काढावा लागतो.

दुसरी अडचण लिफ्टची. दुकानात ग्राहक दिवसभर थोडे थोडे येत राहतात. कॉलेजात एक तास संपला की शेकडो विद्यार्थी एकाच वेळी वर-खाली करतात. जुन्या लिफ्ट ही गर्दी पेलू शकत नाहीत.

शिवाय जुन्या बांधकामात अ‍ॅस्बेस्टॉस आणि शिसं असलेला रंग सापडतो. तो काढायला प्रशिक्षित माणसं लागतात. अपंगांना सगळीकडे वावरता यावं, हे १९९० च्या अमेरिकी कायद्याने बंधनकारक केलंय. आणि इमारत वारसा यादीत असेल तर दर्शनी भागाला मनासारखा हात लावता येत नाही.

सुरुवात कुठून झाली? डॅलस

टेक्सास राज्यातल्या डॅलसमध्ये १९६५ साली मतदारांनी कम्युनिटी कॉलेजांसाठी स्वतंत्र जिल्हा मंडळ स्थापन करायला कौल दिला. पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, त्याचं पहिलं कॉलेज सुरू झालं. नाव एल सेंट्रो. जागा कुठली? शहराच्या मध्यात असलेली सँगर ब्रदर्स या जुन्या दुकानाची इमारत.

ही वेळ महत्त्वाची आहे. त्या काळात अमेरिकेत श्रीमंत आणि मध्यमवर्गीय कुटुंबं गाड्या घेऊन उपनगरांत चालली होती. त्यांच्या मागोमाग दुकानंही निघाली. नवी कॉलेजं उपनगरात, शेकडो एकर मोकळ्या जमिनीवर आणि भल्यामोठ्या पार्किंगसह बांधली जात होती. डॅलसने पहिलं कॉलेज मात्र शहराच्या पोटात, आयत्या इमारतीत सुरू केलं. नवं बांधकाम होईपर्यंत थांबावं लागलं नाही.

तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, डॅलसची लाइट रेल सुरू झाली आणि तिचं एक स्टेशन कॉलेजला लागूनच आलं. २०२० मध्ये जिल्ह्यातली सगळी कॉलेजं एकत्र करून डॅलस कॉलेज ही एकच संस्था करण्यात आली. एल सेंट्रो आता तिचा एक कॅम्पस आहे.

हार्टफर्ड: शहराचं लाडकं दुकान कॉलेज कसं झालं?

कनेटिकट राज्याची राजधानी हार्टफर्ड विमा कंपन्यांसाठी ओळखली जाते. पण तिथल्या जुन्या पिढीला विचाराल तर जी. फॉक्स हे नाव आधी निघेल.

गर्सन फॉक्स यांनी १८४७ मध्ये छोटं दुकान काढलं. १९१७ च्या आगीत दुकान जळालं आणि १९१८ मध्ये मेन स्ट्रीटवर अकरा मजली नवी इमारत उभी राहिली. तिचे वास्तुविशारद होते कॅस गिल्बर्ट. न्यूयॉर्कची प्रसिद्ध वुलवर्थ बिल्डिंगही त्यांचीच.

१९३८ पासून १९६५ पर्यंत दुकानाची सूत्रं गर्सन यांची नात बिअ‍ॅट्रिस फॉक्स ऑरबाक यांच्याकडे होती. कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा, अडीअडचणीला बिनव्याजी कर्ज, अशा गोष्टी त्यांनी केल्या. कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना बढतीची वाट असलेल्या नोकऱ्या देणाऱ्या सुरुवातीच्या मोठ्या दुकानांत जी. फॉक्सची गणना होते. १९६५ मध्ये त्यांनी व्यवसाय मे या मोठ्या साखळी कंपनीला विकला. जानेवारी १९९३ मध्ये मेन स्ट्रीटवरचं दुकान कायमचं बंद झालं.

अकरा मजले रिकामे पडले. त्याच सुमारास, १९९२ मध्ये, शहरातल्या दोन सरकारी संस्थांचं विलीनीकरण होऊन कॅपिटल हे कम्युनिटी कॉलेज तयार झालं होतं. १९९८ मध्ये राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर जॉन रोलंड यांनी हार्टफर्डच्या पुनरुज्जीवनाचा सहा कलमी आराखडा मांडला. अधिवेशन केंद्र, नदीकाठ, घरं, पार्किंग यांच्या जोडीला त्यात एक कलम होतं शहराच्या मध्यात उच्च शिक्षणाचं केंद्र आणण्याचं. २००२ मध्ये कॅपिटल कॉलेज जी. फॉक्सच्या इमारतीत आलं.

इथे फायदा कोणाचा झाला? हार्टफर्डच्या लोकसंख्येत लॅटिनो आणि कृष्णवर्णीय बहुसंख्य आहेत आणि शहराचे बसमार्ग मध्यवर्ती भागात एकत्र येतात. ज्या वस्त्यांतून लोक पूर्वी खरेदीला बसने यायचे, तिथूनच आता विद्यार्थी वर्गाला येऊ लागले. २०१५ मध्ये न्यू ब्रिटन ते हार्टफर्ड अशी सुमारे १५ किलोमीटरची स्वतंत्र बसमार्गिका सुरू झाल्यावर शेजारच्या गावातूनही येणं सोपं झालं.

कॉलेजला मोकळं मैदान नव्हतं, पण शहर होतं. हार्टफर्ड हेरिटेज प्रोजेक्ट या उपक्रमात कॉलेजने शहरातल्या संग्रहालयांना आणि ऐतिहासिक जागांना अभ्यासक्रमाशी जोडलं. १८४० च्या दशकापासून सुरू असलेलं वॉड्सवर्थ अ‍ॅथिनियम हे कलासंग्रहालय कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. उपनगरातल्या कॅम्पसला हे जमलं नसतं.

मग नवी इमारतच का नाही बांधायची?

याचं उत्तर त्याच राज्यात, हार्टफर्डपासून साधारण ६० किलोमीटरवरच्या न्यू हेवनमध्ये मिळतं. तिथेही शहराच्या मध्यात मेसीज आणि मॅलीज ही दोन मोठी दुकानं बंद पडली. न्यू हेवनने त्या इमारती पाडल्या. त्या जागेवर गेटवे कम्युनिटी कॉलेजचा कोरा करकरीत कॅम्पस २०१२ मध्ये उघडला. खर्च आला सुमारे २० कोटी डॉलर.

आता दोन्ही शहरं शेजारी ठेवून बघा. एकाने जुनी इमारत ठेवली, दुसऱ्याने पाडली. पण दोघांनी एक गोष्ट सारखीच केली: विखुरलेलं कॉलेज उचलून बस जिथे येतात तिथे, शहराच्या मध्यात आणून बसवलं. म्हणजे विद्यार्थ्याच्या दृष्टीने ‘कुठे’ हा प्रश्न ‘कशात’ या प्रश्नापेक्षा मोठा आहे. जुनी इमारत वाचवणं हे शहरासाठी, त्याच्या आठवणींसाठी आणि पर्यावरणासाठी मोलाचं काम आहे. मात्र ते विद्यार्थ्यांसाठीच केलं जातंय असं सांगितलं जातं, तेव्हा थोडं थांबून हिशेब पाहायला हवा.

रॉचेस्टर: कॉलेजने इमारत सोडली तर?

न्यूयॉर्क राज्यातलं रॉचेस्टर म्हणजे कोडॅकचं शहर. पण इथली गोष्टही एका दुकानापासूनच सुरू होते. सिबली, लिंडसे अँड कर हे शहरातलं सगळ्यात मोठं डिपार्टमेंट स्टोअर. १९०४ च्या आगीनंतर मेन स्ट्रीटवर त्याची नवी इमारत उभी राहिली. पुढे ती वाढत वाढत दहा लाख चौरस फुटांच्या वर गेली. १९९० मध्ये दुकान बंद झालं.

१९९२ मध्ये मन्रो कम्युनिटी कॉलेजने तिथे आपला शहरातला कॅम्पस थाटला. मुख्य कॅम्पस शहराबाहेर ब्रायटनमध्ये होता, त्यामुळे गाडी नसलेल्यांसाठी सिबलीतला कॅम्पस मोठा आधार ठरला. इमारतीलाही भरवशाचा भाडेकरू मिळाला आणि तिचे दिवे पूर्ण विझले नाहीत. समोरच्या मिडटाऊन प्लाझाचं नशीब तसं नव्हतं. १९६२ मध्ये उघडलेला हा मॉल शहराच्या मध्यातल्या बंदिस्त मॉलचा आद्य नमुना मानला जातो. तो शेवटी पाडावा लागला.

वीस वर्षांनी वाद पेटला. कॉलेजला स्वतःच्या मालकीचा स्वतंत्र कॅम्पस हवा होता. त्याच वेळी कोडॅकचा डोलारा कोसळत होता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ज्या कंपनीचे एकट्या रॉचेस्टर परिसरात साठ हजारांच्या आसपास कर्मचारी होते, तिने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तिच्या स्टेट स्ट्रीटवरच्या काही इमारती विक्रीला होत्या. कॉलेजची नजर त्यांच्यावर गेली.

शहर प्रशासनाला हे पटलं नाही. तेव्हाचे महापौर टॉम रिचर्ड्स कॉलेजने सिबलीतच राहावं या मताचे होते. कारण उघड होतं: एवढा मोठा भाडेकरू गेला तर सिबलीचं काय होणार? शिवाय शहराचं नवं बस टर्मिनल सिबलीच्या जवळच होणार होतं. ते २०१४ मध्ये सुरूही झालं. कोडॅकच्या इमारती तिथून सुमारे एक किलोमीटरवर, नदीच्या पलीकडे आहेत.

शेवटी कॉलेज गेलं. ७ कोटी ८० लाख डॉलर खर्चून तयार झालेला नवा कॅम्पस २०१७ मध्ये उघडला. न्यूयॉर्क राज्यात कम्युनिटी कॉलेजांच्या बांधकामाचा निम्मा खर्च राज्य आणि निम्मा स्थानिक काउंटी करते. म्हणजे हा पैसा जनतेचाच होता.

आणि सिबली? ती ओस पडली नाही. बोस्टनच्या विनडेव्हलपमेंट कंपनीने २०१२ मध्ये ती घेतली. आज तिथे घरं आहेत, ऑफिसं आहेत, नवउद्योगांसाठी जागा आहे, खाण्यापिण्याचं दालन आहे. म्हणजे ज्या कॉलेजशिवाय इमारत जगणार नाही अशी भीती होती, त्याच्याशिवाय ती जगली. पण कॉलेजने वीस-पंचवीस वर्षं ती इमारत नांदती ठेवली नसती, तर नव्या विकासकाच्या हाती काय लागलं असतं हाही प्रश्न उरतोच.

पैशाचं गणित कुठे अडतं?

रॉचेस्टरसारखे वाद फक्त स्थानिक राजकारणातून येत नाहीत. त्यांच्यामागे करांचे नियमही असतात.

अमेरिकेत नोंदणीकृत ऐतिहासिक इमारतीचं नियमाप्रमाणे नूतनीकरण केलं, तर पात्र खर्चाच्या २० टक्के रक्कम केंद्रीय करातून वजा मिळते. १०० रुपये खर्च केले तर थेट २० रुपये कर कमी. राष्ट्रीय उद्यान सेवा ही केंद्रीय संस्था कामाची तपासणी करून प्रमाणपत्र देते. २०१७ च्या करकायद्यानंतर ही सवलत एकदम मिळत नाही, पाच वर्षांत विभागून मिळते. बऱ्याच जुन्या इमारतींचे प्रकल्प याच सवलतीच्या जोरावर उभे राहतात.

गोम इथे आहे. ही सवलत उत्पन्न देणाऱ्या इमारतीसाठी आहे. सरकारी कॉलेज कर भरतच नाही, मग त्याला करसवलत काय कामाची?

मग वाट काढली जाते. इमारतीची मालकी खासगी विकासकाकडे ठेवायची, त्याने सवलत घ्यायची आणि कॉलेजने भाडेकरू व्हायचं. पण सरकारला हेही माहीत आहे. म्हणून नियमात कुंपण घातलंय. इमारतीचा अर्ध्याहून जास्त भाग करमुक्त संस्थेला २० वर्षांपेक्षा मोठ्या मुदतीच्या कराराने दिला, किंवा ठरावीक किमतीला इमारत विकत घेण्याचा हक्क तिला दिला, तर सवलत धोक्यात येते.

याचा अर्थ नीट पाहा. कॉलेजला पन्नास वर्षांसाठी हक्काची जागा हवी असते. सवलतीचे नियम मात्र छोट्या मुदतीच्या भाडेकराराकडे ढकलतात. मुदत संपत आली की कॉलेज पुन्हा त्याच प्रश्नापाशी येतं: राहायचं, सोडायचं की स्वतःचं बांधायचं? आणि मालकी घ्यायची ठरवली तर २० टक्क्यांवर पाणी सोडून पूर्ण खर्च जनतेच्या पैशातून करावा लागतो.

दुसरा खर्च त्याहून कमी चर्चेत येतो. फीत कापताना सगळे असतात, पण दहा वर्षांनी छत दुरुस्त करायला पैसे मागितले की कोणी नसतं. शंभर वर्षं जुन्या इमारतीच्या देखभालीचा खर्च दरवर्षी येत राहतो. त्यातच देशभरात कम्युनिटी कॉलेजांची विद्यार्थिसंख्या २०१० च्या आसपासच्या शिखरानंतर उतरत गेली आणि कोरोनाकाळात तिला आणखी फटका बसला. विद्यार्थी कमी म्हणजे फी कमी. कनेटिकटने जुलै २०२३ मध्ये आपली बारा कम्युनिटी कॉलेजं एकत्र करून एकच संस्था केली. हार्टफर्डचं कॅपिटल आता तिचा एक कॅम्पस आहे. अशा वेळी अकरा मजली ऐतिहासिक इमारत ही अभिमानाची गोष्ट राहते, आणि खर्चाचीही.

महाराष्ट्राला यात काय घेण्यासारखं?

जुन्या वास्तूत कॉलेज ही गोष्ट आपल्याला नवी नाही. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या पुण्याच्या विश्रामबागवाड्यात १८२१ मध्ये ब्रिटिशांनी संस्कृत पाठशाळा सुरू केली. पेशवाई जाऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. ही पाठशाळा पुढे पूना कॉलेज झाली आणि १८६० च्या दशकात येरवड्याला जाऊन डेक्कन कॉलेज झाली. शिक्षणाने वाड्याला काही काळ आसरा दिला, वाड्याने शिक्षणाला. नंतर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि दोघंही टिकले.

आज मुंबईतल्या जुन्या गिरण्या असोत की पुण्या-नाशकातले वाडे, ‘इथे काहीतरी सार्वजनिक करा’ अशी मागणी होतेच. त्या वेळी अमेरिकेतल्या या शहरांचा अनुभव तीन प्रश्न हातात देतो. पहिला: जो तिथे रोज येणार आहे, त्याला ही जागा खरंच सोयीची आहे का? दुसरा: मालक कोण, आणि भाडेकरार संपल्यावर काय? तिसरा: उद्घाटनानंतरच्या वीस वर्षांच्या देखभालीचे पैसे कोणाच्या खात्यातून जाणार?

थोडक्यात काय?

कॉलेज आलं म्हणून इमारत आपोआप वाचत नाही आणि इमारत सुंदर आहे म्हणून कॉलेज चालत नाही. डॅलस आणि हार्टफर्डमध्ये ही जोडी जमली, कारण इमारत जिथे होती तिथेच विद्यार्थ्यांना यायचं होतं. रॉचेस्टरमध्ये कॉलेजची आणि शहराची गरज वेगळी झाली तेव्हा वाद झाला, कारण इमारत जगवण्याची जबाबदारी नकळत कॉलेजच्या खांद्यावर गेली होती.

मेसीजची दुकानं बंद होत राहतील तशा आणखी काही मोठ्या इमारती रिकाम्या होतील. त्यांच्यासाठी कॉलेजचा प्रस्ताव पुन्हा मांडला जाईल, रंगीत चित्रं दाखवली जातील. त्या चित्रांत बसचा थांबा कुठे आहे, हे आधी शोधायला हवं. संध्याकाळी सहाला काम संपवून साडेसहाच्या वर्गाला पोहोचायचं असलेल्या विद्यार्थ्यासाठी सगळा प्रकल्प तिथेच ठरतो.